कात टाकण्याच्या बेतात असलेला, हाल झालेला टारँटुला: आधी पाणी, मग बाकीचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओळखीच्या कुणाला नकोसा झालेला एक पूर्ण वाढलेला टारँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, तुमच्याकडे आला आहे. काचेच्या उंच पेटीत तळाला रंगीत खडे, पाण्याच्या वाटीत वाळलेला स्पंज आणि वर दिवसरात्र चालू असलेला तापदिवा, अशा अवस्थेत तो राहिला आहे. पोट आक्रसून सुरकुतले आहे. पोटावरचे केस झडून टक्कल पडले आहे आणि ते काळसर दिसते. मागचा एक पाय नाही. रातकिडा सोडला की तो मागे सरकतो. हा आता कात टाकणार आणि अशा प्रकृतीत त्यातून वाचणार नाही, अशी तुम्हाला धास्ती आहे. म्हणून आधी खाऊ घालून अंगात ताकद आणावी, की पेटी बदलावी, की ओलसर उबदार डब्यात ‘आयसीयू’त ठेवावे, हे तुम्ही विचारले आहे.

तिन्ही पर्याय मला थोडे बाजूला ठेवावेसे वाटतात. उपाशी कोळी सहसा कात टाकतो आणि जगतोही; फार तर आकाराने वाढत नाही. अडकतो तो तहानलेला कोळी. तेव्हा खरा प्रश्न असा की कात टाकायला किती वेळ उरला आहे आणि तेवढ्या वेळात त्याच्या अंगात पाणी कसे भरायचे. बाकी सगळे त्यानंतर.

यामागचे कारण कोळ्याच्या शरीरात आहे. टारँटुलाला पाय आत ओढायला स्नायू असतात, पण पायाच्या दोन मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबाने लांब होतो, तसे त्याचे पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबाने उघडतात. म्हणूनच पाणी कमी पडले की पाय आपोआप पोटाखाली गोळा व्हायला लागतात. कात टाकतानाही हाच दाब कामाला येतो. पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, त्या भागाच्या पाठीवरच्या टणक ढालीची कड फाटते, ढाल झाकणासारखी उचलली जाते आणि मग आठही पाय, तोंडाजवळची दोन लहान पायांसारखी अंगे आणि विषदंत जुन्या आवरणातून ओढून काढले जातात. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये एक पातळ द्रव असतो, तो वंगणाचे काम करतो. अंगात पाणीच नसेल तर दाबही अपुरा आणि वंगणही अपुरे. मग कधी ढालच उघडत नाही, कधी ढाल उघडते पण पाय अर्ध्यात अडकतात.

दुसरी गोष्ट, ही प्रक्रिया पुढे ढकलता येत नाही. आत नवी त्वचा आणि नवे केस तयार झाले की कोळी ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत त्याला त्यातून जावेच लागते. त्यामुळे ‘आधी सुधारू, मग टाकेल कात’ हा हिशेब आपल्या हातात नाही.

आता वेळ किती आहे ते बघू. पण त्याआधी एक तपासणी करा, कारण तिच्यावर सगळे उत्तर बदलू शकते. तोंडाजवळच्या त्या दोन लहान पायांची टोके फुगीर गाठीसारखी दिसतात का? पुढच्या पहिल्या जोडीच्या पायांवर, खालच्या बाजूने, हूकसारखे आकडे आहेत का? (काही जातींत आकडे नसतात, गाठी मात्र असतात.) तसे असेल तर तो प्रौढ नर आहे. नराची शेवटची कात तीच, जिच्यात या गाठी आल्या. त्यानंतर खाणे कमी होणे, पोट बारीक होणे, पेटीत सतत येरझारा घालणे हे त्याच्या वयाचे लक्षण असते, दुर्लक्षाचे असेलच असे नाही. असा नर सहसा पुन्हा कात टाकत नाही. क्वचित टाकलीच तर त्या गाठी जुन्या आवरणात अडकतात आणि बहुतेक वेळा तो वाचत नाही. त्याला पाणी आणि शांत जागा द्या. खाल्लेच तर लहान भक्ष्य द्या. यापलीकडे करण्यासारखे फार नसते.

मादी किंवा अजून वाढता नर असेल तर टकलाचा रंग बघा. अमेरिका खंडांतल्या बहुतेक जाती पोटावरचे खाजरे केस पायाने उडवतात, त्यामुळे तिथे टक्कल पडते. टक्कल पडणे म्हणजे कात जवळ आली असे नाही. दुर्लक्षित कोळी नुसत्या त्रासानेही केस उडवत राहतो. रंग महत्त्वाचा. टक्कल गुलाबी किंवा मातकट असेल तर वेळ आहे. करडेपणा चढत निळसर काळे झाले असेल तर नवे केस खालून दिसताहेत, आणि कात काही दिवसांवर किंवा काही आठवड्यांवर आली आहे. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींना उडवायचे केस नसतात, त्यामुळे टक्कल नाही आणि ही खूणही नाही. तिथे मलूल झालेला रंग, मंदावलेली हालचाल, बिळाचे तोंड बंद करून घेणे आणि खाण्याला नकार यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. पुस्तकी लक्षण म्हणून ‘पोट फुगून चकाकते’ असे सगळीकडे वाचायला मिळते. ते धडधाकट कोळ्याला लागू पडते. सुकलेल्या कोळ्याचे पोट कात टाकण्याच्या आदल्या दिवशीही सुरकुतलेले असू शकते, तेव्हा त्या लक्षणाची वाट बघत बसू नका.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे जमिनीवर विणलेली पांढरी, दाट, चटईसारखी जाळी. ती दिसली की गोष्ट तासांवर, फार तर एकदोन दिवसांवर आलेली असते. त्यानंतर कोळी त्यावर उताणा होतो. उताणा कोळी मेलेला नसतो, हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. मरणारा टारँटुला बहुधा सरळ बसलेलाच असतो आणि पाय पोटाखाली घट्ट मुडपलेले असतात. मेला समजून उताणा कोळी उचलला गेला की अर्धवट निघालेल्या कातीतच तो संपतो.

तुमच्या वर्णनावरून टक्कल काळे आहे आणि चटईचा उल्लेख नाही. म्हणजे थोडा वेळ आहे, आणि तो पाण्यासाठी वापरायचा.

आजच करायच्या दोन गोष्टी. पहिली, तापदिवा काढून टाका. तो हवा आणि कोळी दोन्ही सुकवतो, आणि त्याच्याखाली राहणाऱ्या कोळ्याला प्यायला पाणी नसेल तर जी अवस्था होते ती तुमच्यासमोर आहे. २० ते २८ अंश सेल्सिअस हे तापमान बहुतेक जातींना पुरते. खोली त्याहून फार थंड पडत असेल तर खोलीच उबदार करा. पेटीच्या तळाखाली गरम पट्टी कधीच नको. उष्णतेपासून पळायला कोळी खाली खणतो, आणि खाली गेला की आणखी भाजतो.

दुसरी, पाण्याची वाटी. १२ ते १५ सेंटिमीटर पायपसाऱ्याच्या (पसरलेल्या पायांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या) कोळ्याला ६ ते ८ सेंटिमीटर रुंद आणि एक-दीड सेंटिमीटर खोल वाटी ठीक. साधे पिण्याचे पाणी काठोकाठ भरा, थोडे बाहेर सांडू द्या. स्पंज, कापूस, जेलचे गोळे काही घालू नका. स्पंजातून त्याला नीट ओढता येत नाही, वर त्यात जंतू वाढतात. या आकाराचा कोळी वाटीत बुडत नाही, म्हणून दगड टाकायचीही गरज नाही. वाटी त्याच्या पुढ्यात, अंगाला न लागता, ठेवा आणि बाजूला व्हा. तहानलेला कोळी तोंड पाण्यात टेकवून अर्धा तास, कधी कित्येक तास तसाच बसतो. ते बघून घाबरून त्याला हलवू नका.

तो उठून चालू शकत असेल तर एवढे पुरे. पाय गोळा झाले असतील आणि उभे राहता येत नसेल, तर त्याला पाण्यापर्यंत न्यावे लागते. एका सपाट झाकणात ३-४ मिलिमीटर पाणी घ्या. कोळ्याला सरळ, म्हणजे पाठ वर, अशा स्थितीत ठेवा. विषदंतांच्या मुळाशी तोंड असते, ते पाण्याला लागले पाहिजे. पोटाखाली टिश्यूपेपरची घडी देऊन पोट उंच ठेवा. पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, श्वासाच्या चार चिरा असतात. त्या पाण्याच्या वर राहिल्याच पाहिजेत. तासभर ठेवा, बघा, गरज वाटली तर काही तासांनी पुन्हा ठेवा. झाकण नको असेल तर ड्रॉपरने विषदंतांच्या मुळाशी एकेक थेंब सोडता येतो, पण घाई झाली की पाणी भलतीकडे जाते. मला झाकणाची पद्धत जास्त भरवशाची वाटते. पाणी लागू पडत असेल तर काही तासांत पायांची मिठी सैल होते, आणि पोटाच्या सुरकुत्या एकदोन दिवसांत भरायला लागतात. कोळी स्वतःहून उताणा झाला असेल तर यातले काहीही करायचे नाही.

साखरेचे पाणी, मध, क्षार, कॅल्शियमची पूड, यांतले काही नको. टारँटुलाचे कवच कायटिन आणि प्रथिनांचे असते, त्याला कॅल्शियमने बळकटी येत नाही. अंगावर फवाराही मारू नका. तो दचकतो, पळतो, आणि जी शक्ती वाचवायची ती तिथेच खर्च होते.

आता ‘आयसीयू’ डब्याबद्दल. ओला टिश्यूपेपर, बंद झाकण, वर ऊब, हा प्रकार अनेक जण अजून सुचवतात. मी तो वापरत नाही. टारँटुला हवेतून पाणी पीत नाही. दमट हवेमुळे अंगातले पाणी उडण्याचा वेग कमी होतो, एवढाच तिचा उपयोग. तहान भागवायची तर त्याला प्यावेच लागते. उलट ऊब वाढली की शरीराचा खर्च वाढतो, आणि कोंडलेल्या ओल्या हवेत बुरशी आणि जंतू फोफावतात. कागद अंथरलेला साधा डबा मी फक्त दोन कारणांसाठी वापरतो: जखम डोळ्यांसमोर ठेवायची असेल, किंवा माइट्सचा (अंगावर बसणाऱ्या अगदी बारीक किडींचा) संशय असेल. तेव्हाही तापमान खोलीचेच, भोके भरपूर, पाण्याची वाटी आत आणि कागद रोज बदललेला.

पेटी बदलायची का, याचे उत्तर चटईवर अवलंबून आहे. चटई विणली असेल किंवा तो उताणा असेल तर हात लावू नका. फक्त दिवा बंद करा, जिवंत भक्ष्य असेल ते काढा, आणि आवाज न करता पाणी भरता आले तर भरा. खड्यांवर कात टाकणे वाईटच, पण मध्येच हलवणे त्याहून वाईट. चटई नसेल, टक्कल काळे असेल आणि तो नीट चालत असेल, तर माझा कौल असा: एक-दोन दिवस पाणी पिऊ द्या आणि मग एकदाच, नीट तयारी करून, हलवा. टक्कल काळे असताना शक्यतो हलवू नये हा सर्वसाधारण नियम मला मान्य आहे. पण उंच पेटी आणि खडे हा धोका त्या नियमापेक्षा मोठा आहे. टारँटुलाच्या पोटाची कातडी पातळ असते. काचेवर चढून वीस-तीस सेंटिमीटरवरून खड्यांवर पडला तर पोट फाटू शकते. शिवाय उताणे झोपायला सपाट जागा लागते आणि जाळी धरायला पकड लागते. खड्यांत दोन्ही मिळत नाही. पेटी पुरेशी मोठी असेल आणि कोळी एका कोपऱ्यात शांत बसून असेल, तर त्याला न हलवता बाकीचे खडे काढून माती भरत जाणे हा मधला मार्ग आहे. हळूहळू, चमच्याने.

नव्या पेटीची लांबी पायपसाऱ्याच्या तिप्पट आणि रुंदी दुप्पट असली की झाले. मोठी पेटी म्हणजे मोठी सोय असे कोळ्याच्या बाबतीत नसते. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतची उंची जमिनीवर राहणाऱ्या जातींना पायपसाऱ्याच्या एक ते दीडपट, त्याहून जास्त नको. भोके दोन समोरासमोरच्या भिंतींत, एक-दोन मिलिमीटरची. झाकणाला तारेची जाळी असेल तर बदला, तिच्यात पायाच्या नख्या अडकतात आणि कोळी लोंबकळत राहतो. माती म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा खत-कीटकनाशक नसलेली साधी माती, किमान ८-१० सेंटिमीटर, हाताने दाबून घट्ट बसवलेली. देवदार किंवा पाइनचा भुसा अजिबात नको. ओलावा इतका की मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण थेंब पडणार नाही. कोकोपीट भिजवून लगेच भरले की फार ओले राहते. मग कोळी जमिनीला पाय न लावता भिंतीवर लटकत बसतो. एक दिवस उघडे ठेवून वरचा थर सुकू द्या. सालीचा किंवा कुंडीच्या अर्ध्या तुकड्याचा आडोसा द्या, कडा धारदार नकोत, आणि आत त्याला उलटे होता येईल एवढी जागा हवी. आडोशात मावत नसेल तर तो उघड्यावर कात टाकेल, त्यात बिघडत काही नाही.

ओलावा किती, हे जातीवर ठरते आणि तुम्ही जात लिहिलेली नाही. कोरड्या प्रदेशातल्या ग्रामोस्टोला किंवा अफोनोपेल्मासारख्या जातींना एक ओला कोपरा आणि भरलेली वाटी पुरते. थेराफोसासारख्या मोठ्या, पावसाळी जंगलातल्या जाती कोरड्यात ठेवल्या की कात टाकताना अडकायला प्रसिद्ध आहेत. त्यांना खोलवर ओली माती आणि खेळती हवा दोन्ही हवे. झाडावर राहणाऱ्या जातींना उंच पेटी आणि उभी साल लागते, वर दिलेला उंचीचा नियम त्यांना लागू नाही. जात कळतच नसेल तर पेटीची अर्धी माती ओली आणि अर्धी कोरडी ठेवा. तो कुठे बसतो ते दोन दिवस बघितले की उत्तर मिळते.

हलवताना सगळा खेळ जमिनीवर बसून, एका मोठ्या टबात करा. कोळ्यावर पारदर्शक डबा उपडा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा. किंवा डबा समोर आडवा धरून मागच्या पायांना मऊ ब्रशने हलका स्पर्श करा, तो पुढे चालत आत जातो. पुढून डिवचू नका. हातात घेऊ नका. खाजरे केस डोळ्यात गेले तर त्रास दीर्घकाळ राहू शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घाला. आशियाई-आफ्रिकी जात असेल तर आणखी सावध राहा. त्या विजेसारख्या पळतात आणि पोसिलोथेरियासारख्यांच्या दंशाने स्नायूंना तीव्र पेटके येतात. डब्यात आहेच तर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर डब्यासकट वजन करून घ्या आणि रिकाम्या डब्याचे वजा करा. नंतर पुढच्या वेळी हलवाल तेव्हा तुलनेला उपयोगी पडेल. केवळ वजनासाठी मात्र पुन्हा धरू नका.

खाण्याचे काय? टक्कल फिकट असते आणि पोट पुढच्या ढालीपेक्षा लहान असते, तर मी म्हटले असते की पाणी सुरू होऊन दोन दिवस झाले की द्या. पोटाच्या अर्ध्या आकाराचे भक्ष्य, डोके चिरडलेले, संध्याकाळी जवळ ठेवायचे आणि सकाळी उरले असेल तर काढायचे, आठवड्यातून दोनदा. पोट ढालीच्या सव्वापट झाले की थांबायचे. तुमच्या कोळ्याचे टक्कल काळे आहे, तेव्हा मेलेल्या भक्ष्याचा एकच प्रयत्न करा. नाकारले तर विषय बंद. या काळात विषदंत आणि अन्नरस आत ओढणाऱ्या शोषक जठराचे अस्तरसुद्धा बदलत असते, म्हणून त्याला खाता येत नाही आणि खायचेही नसते. प्रौढ टारँटुला महिनोन्महिने न खाता राहू शकतो. जिवंत रातकिडा मात्र पेटीत एक रात्रही ठेवू नका. कात टाकलेला कोळी लोण्यासारखा मऊ असतो आणि रातकिडा त्याला कुरतडतो. मीलवर्म (खाद्य म्हणून मिळणारी भुंग्याची अळी) त्याहून फसवा. मातीत घुसून दिसेनासा होतो आणि नेमका त्या वेळी वर येतो. बाहेरून पकडलेले किडे देऊ नका, त्यांच्या अंगात कीटकनाशक असू शकते.

नसलेल्या पायाची काळजी सगळ्यात कमी करा. तुटल्या जागी काळसर, कोरडे बूच असेल तर जखम बंद आहे. ताज्या जखमेतून स्वच्छ किंवा निळसर द्रव येतो, कारण त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांब्याचे संयुग असते. तो झिरपत असेल तर कॉर्नफ्लोअरची चिमूट टेकवा. पोटाला बारीक चीर असेल तर ती जागा टिपून कोरडी करून सुपरग्लूचा अगदी छोटा थेंब लावता येतो. तो पुढच्या कातीबरोबर निघून जातो. सांध्यावर मात्र ग्लू नको, तिथे तो कात अडवतो. पाय पुन्हा येतो. कातीच्या बराच आधी तुटला असेल तर याच वेळी, नाहीतर पुढच्या वेळी. आधी बारीक आणि आखूड, मग दोन-तीन कातींत पुरता.

दुर्लक्षित कोळ्यात तीन गोष्टी मुद्दाम तपासा. तोंडाभोवती पांढरा, चिकट लगदा आणि घाण वास असेल तर सूत्रकृमींचा (दोऱ्यासारख्या बारीक परजीवी कृमींचा) संशय घ्या. यावर खात्रीचा इलाज नाही. बाकीचे कोळी असतील तर हा वेगळ्या खोलीत ठेवा, चिमटा आणि ब्रश वेगळे वापरा. मातीवर इकडेतिकडे फिरणारे पांढरे माइट्स बहुधा कुजक्यावर जगणारे असतात. सांध्यांत, तोंडाशी किंवा श्वासाच्या चिरांशी पुंजक्याने बसलेले असतील ते त्रासदायक. एरवी ब्रशच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते टिपता येतात, पण टक्कल काळे असताना हे टाळा. कातीबरोबर ते निघून जातील, त्यानंतर माती बदला. तिसरी गोष्ट, झटके देत चालणे, पाय एकमेकांत अडकणे. इथे कीटकनाशकाची किंवा दुसऱ्या विषारी वाफेची शंका घ्या: डासांचे फवारे, कुत्र्यामांजराच्या पिसवांवरचे औषध, ताजा रंग. मोकळ्या हवेत, स्वच्छ डब्यात, पाण्यासह ठेवा. याहून खात्रीचे काही हाती नाही.

तो उताणा झाला की तुमचे काम संपले असे धरा. पिल्लाची कात पाऊण तासात उरकते, मोठ्या कोळ्याला पाच-सहा तास, कधी बारा तासही लागतात. या काळात फवारा नाही, टकटक नाही, झाकण उघडणे नाही. तासाभराने बाहेरून बघा. पायांची लयीत होणारी हालचाल चालू असेल तर सगळे ठीक आहे. ढाल निघाली, पोट मोकळे झाले, पण पाय अडकले आणि तीन-चार तासांत काहीच हालचाल पुढे सरकली नाही, तरच हस्तक्षेप करा. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन मिसळून मऊ ब्रशने अडकलेल्या सांध्यांवर लावा. तोंड आणि श्वासाच्या चिरा टाळा. ओढू नका, नवा पाय फाटतो आणि रक्तस्राव थांबत नाही. एक-दोन पाय अडकून राहिले तरी कोळी ते स्वतः मुळाशी तोडून टाकू शकतो आणि सहा पायांवर नीट जगतो. चार-पाच पाय किंवा विषदंतच अडकले असतील तर आशा कमी असते. अशा वेळी कोळी हाताळणारा पशुवैद्य मिळाला तर उत्तम.

कात निघाल्यावर तो काही तास, कधी दिवसभर, पाय पसरून निपचित पडतो. तो स्वतः दूर गेल्याशिवाय कात उचलू नका. मग तिच्यात विषदंत पूर्ण निघाले आहेत का आणि तोंडाच्या आतून शोषक जठराचे अस्तर बाहेर आले आहे का ते बघा. ते आत राहिले असेल तर त्याला खाणे जमणार नाही, आणि दोन-तीन आठवडे भक्ष्य धरून सोडून देत असेल तर कारण बहुधा हेच. वाळलेली कात साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ करून उलगडली की मादी आहे का तेही कळते.

नवे विषदंत आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे होईपर्यंत भक्ष्य नाही. प्रौढाला किमान १० ते १४ दिवस, फार मोठ्याला तीन आठवडे. पाणी मात्र पहिल्या तासापासून. सुकलेल्या अवस्थेत कात टाकलेला कोळी बाहेर येतो तो मोठी ढाल आणि इवलेसे पोट घेऊन. ते बघून घाबरू नका. तुम्हाला आत्ता जी ताकद भरायची आहे, ती भरायची वेळ ही आहे. पहिली दोन-तीन भक्ष्ये लहान आणि मेलेली द्या, मग चार-पाच दिवसांच्या अंतराने नेहमीच्या आकाराची, पोट ढालीएवढे होईपर्यंत. तिथून पुढे आठवडा-दहा दिवसांतून एक. आणि पेटी तेव्हा बदलायची राहून गेली असेल, तर विषदंत काळे होऊन त्याने एकदोन वेळा खाल्ल्यावर बदला.